डावी कूस

माझ्या उजव्या हाताला अजून आंबूस वास येतो, असं आमचे यजमान म्हणतात. मी निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तेव्हा हा त्यांचा भ्रम असणार. नोकरीत असताना मात्र तो भ्रम नव्हता. लिंबू, बेसन, कडुलिंबाचा साबण, सगळं करून झालं होतं. चौकातल्या अत्तरवाल्याकडून यजमानांनी एकदा खसची कुपीही आणली. मग हाताला खस आणि आंबोण असा मिळून तिसराच वास येऊ लागला आणि ती कुपी कपाटात गेली. बैलाच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणाऱ्या बाईने लखनौत राहून अत्तराचा काय उपयोग करून घ्यायचा!

मी इथल्या एका संशोधन केंद्रात जनावरांच्या चाऱ्यावर काम करत होते. नेमकं सांगायचं तर गव्हाच्या भुशावर. मूळची मी करमाळ्याकडची, कडब्याच्या मुलखातली. आमच्याकडे कडब्याच्या पेंढीला मान असतो. गव्हाच्या काडाला जनावरं तोंड लावतात ती नाइलाजाने. आणि नशीब असं, की सगळी नोकरी त्या काडातच गेली.

मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणी ना कुणी नवीन बदलून आलेलं असे, बँकेत नाहीतर छावणीत. ओळख होताना प्रश्न येई, ‘तुम्ही काय करता?’ मी सांगे, भूसा कसा पचतो ते बघते. एकदा एका बाईंनी चेहरा वाकडा करून विचारलं, ‘सायंटिस्ट ना हो तुम्ही? मग शेणात हात कशाला घालायचा?’ मी म्हटलं, ‘शेणात नाही घालत. त्याच्या आधीच्या मुक्कामात घालते.’ त्या वर्षी मोदक वळायला मला कुणी बोलावलं नाही. खरं सांगायचं तर माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

तो आधीचा मुक्काम म्हणजे आमचा बैल. करड्या रंगाचा, देशी, मध्यम चणीचा. तो ऐन तारुण्यात असताना पशुवैद्यांनी शस्त्रक्रिया करून त्याच्या डाव्या कुशीला चहाच्या बशीएवढं भोक पाडलं होतं. त्यात रबराचं कडं आणि वर घट्ट बसणारं झाकण. झाकण काढलं की सरळ पोटाचा मोठा कप्पा, जिथे चारा आंबतो तो. चाऱ्यावर काम करणाऱ्या जगभरच्या केंद्रांत अशी जनावरं असतात, त्यात नवल काही नाही. मी पहिल्यांदा हात घातला तेव्हा मात्र मला भरून आलं होतं. आत विलक्षण ऊब होती आणि सगळं हळूहळू ढवळत होतं, आणि तो खुशाल रवंथ करत उभा होता. जखम भरल्यावर त्याला त्याचं काही वाटत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. माझाही अनुभव तोच. तरी ते वाक्य मी स्वतःला जरा जास्तच वेळा ऐकवत आले.

काम असं चाले. भूसा दळायचा, बारीक विणीच्या नायलॉनच्या छोट्या पिशव्यांत भरायचा, तोंडं बांधायची, दोरीला अडकवून पिशव्या बैलाच्या पोटात सोडायच्या. काही त्याच दिवशी काढायच्या, काही दुसऱ्या दिवशी, काही त्याच्याही पुढे. मग नळाखाली निवळ पाणी येईपर्यंत धुवायच्या, वाळवायच्या आणि वजन करायचं. जे गेलं ते पचलं, जे उरलं ते नुसतं काड.

मी डाव्या बाजूला असे आणि तोंडाशी गोठ्यावरचे भैया. मुझफ्फरनगरकडचे होते, वयाने माझ्याएवढेच. मी आत हात घालून पिशव्या चाचपत असे आणि ते त्याच्या गळ्याखालची पोळी खाजवत त्याच्याशी घरच्यासारखं बोलत असत. सुनेबद्दल, वीज गेल्याबद्दल, सगळं. त्याचा चेहरा भैयांच्या वाटणीचा आणि पोट माझ्या, अशी विभागणी झाली होती. मी झाकण बसवलं की भैया त्याच्या मानेवर थाप मारून म्हणत, ‘हो गया, बेटा, हो गया.’ तेवढं ऐकलं की तो वळे आणि गव्हाणीत तोंड घाली. सुरुवातीला त्याला खांद्याने रेटून फिरवावं लागायचं. पुढे पुढे माझ्या चपला फरशीवर वाजल्या, की तोच खाणं सोडून फिरे आणि डावी कूस माझ्याकडे करून उभा राही. मी त्याच्याशी कधी बोलले नाही. मराठीत बोलावं की हिंदीत, असाही एक प्रश्न होता, आणि पहाटेच्या बसने येऊन कामाला भिडणाऱ्या माणसाकडे बोलायला जोर नसतो.

आता हे सगळं कशासाठी, तर गव्हावर आपण जे जे करतो त्याचं भुशाला काय होतं, हे बघायचं होतं. तांबेऱ्यावर बुरशीनाशक मारलं, पीक लोळू नये म्हणून उंची खुंटवणारं औषध मारलं, शेवटी शेवटी युरियाचा जादा हप्ता दिला, तर दाण्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. त्यासाठीच तर ते केलेलं असतं. पण दाणा माणूस नेतो आणि उरलेलं म्हशीपुढे टाकतो. तिला त्यातून काय मिळतं? फवारणीने पान जास्त दिवस हिरवं राहिलं तर भूसा चांगला व्हायला हवा, कारण जनावर पान आवडीने खातं आणि पान पचतंही. पण तेच हिरवं पान शेवटपर्यंत दाण्याला दूध पाजत राहिलं तर मागे उरणारा भूसा रिकामा व्हायला हवा. दोन्ही बोलणी पटण्यासारखी होती. खरं कोणतं, हे पिशव्यांनीच सांगायचं होतं.

दाण्याच्या आणि भुशाच्या माणसांचं एकमेकांशी कधी पटत नाही. पेरणी, फवारणी, कापणी हे आमच्याकडे पिकाच्या विभागाचं काम. त्या विभागातले लोक दाण्याच्या बाबतीत सोनारासारखे काटेकोर. प्रत्येक वाफ्याचा गहू वेगळा मळायचा, वेगळ्या पोत्यात, प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी. एका एप्रिलमध्ये मी सकाळी शेतावर पोचले तर वाफे लख्ख झालेले, दाण्याची पोती सावलीत ओळीने मांडलेली, आणि बांधाच्या टोकाला भुशाचा एकच एक डोंगर. फवारलेला, न फवारलेला, खुंटवलेला, युरियावाला, सगळा एकत्र. त्या विभागाचा तरुण शास्त्रज्ञ हसतमुखाने पुढे आला. ‘मॅडम, सब साफ करवा दिया.’

मी त्या डोंगराकडे बोट केलं. ‘आणि भूसा? माझा भूसा वेगवेगळा ठेवायचा होता ना?’ रागात मी मराठीत बोलतेय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

त्याला मराठी कळत नव्हतं, पण माझं बोट कुठे आहे ते कळलं. ‘अरे मॅडम,’ तो खरंच गोंधळला होता, ‘भूसा ही तो है.’

मी बांधावर बसले.  एका रब्बीचं काम वाऱ्यावर गेलं होतं, आणि ते घालवणाऱ्याला आपण आवराआवर केली असंच वाटत होतं. तो लबाड नव्हता. उलट कामसू होता. त्याने मला पाण्याची बाटली आणून दिली. पछुवा सुटली होती, तो ऊन ऊन वारा ढिगाची शेंड्यावरची पानं उडवून नेत होता. म्हणजे त्यातला जो पचण्यासारखा भाग, तोच आधी चालला होता. त्याचं मला त्या क्षणी हसू आलं, आणि मग घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही. यजमान बिचारे रोज खिचडी टाकत होते.

पुढच्या वर्षी पुन्हा पेरलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि या सगळ्यातून काय निघालं ते मी इथे सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचे हात तरी वासाचे होणार नाहीत. फारसा फरक पडत नाही. फवारलेला भूसा एका वर्षी किंचित बरा पचला, दुसऱ्या वर्षी तो किंचितही टिकला नाही. उंची खुंटवलेल्या गव्हाचं काड आखूड झालं, पण पचायला ते जवळजवळ तसंच. युरियाने दाण्याचं भलं झालं, म्हशीचं विशेष नाही. फरक दिसला तो वाणावाणांत, आणि त्याहून जास्त हवेमुळे. मार्चमध्येच उन्हाचा चटका बसला की सगळ्याच वाफ्यांचा भूसा वेगळा येई, त्यावर आम्ही काहीही मारलेलं असो. एवढं एक वाक्य मी जगाला दिलं. ते खोटं नाही, आणि कुणालातरी ते माहीत असायला हवं होतं. पण असं वाक्य हातात घेऊन बसमधून घरी येताना माणूस थकतो. घरी लेकीचा फोन येई, ‘आई, कुछ निकला क्या?’ तिला मराठी समजतं, उत्तर मात्र ती हिंदीतच देते. मी म्हणे, निघालं, फरक नाही असं निघालं. ती म्हणे, ‘अच्छा,’ आणि विषय बदले. तिचं काही चुकत नव्हतं.

माझी निवृत्ती आणि प्रकल्पाचा शेवट एकदमच आला. वरून कळवण्यात आलं, की भुशाचं काम आता पुढे नाही, गोठा मोकळा करा. गाई चटकन गेल्या, कारण दूध देणाऱ्या होत्या. वासरं गेली. राहिला तो एकटा. ज्याच्या कुशीला भोक आहे असा म्हातारा बैल कोण नेणार? दोन-तीन जण बघून गेले. एकाने झाकणावर टिचकी मारली आणि भैयांना विचारलं, ‘इसमें पेट्रोल डलता है क्या?’ भैयांनी त्याला फाटकाबाहेर घालवलं.

नेमका हाच मला घोर होता. इथे बैलाला आता काम नाही. शेतं ट्रॅक्टरने नांगरली जातात आणि नको झालेली जनावरं रस्त्यावर येतात. मलिहाबादच्या रस्त्याने संध्याकाळी जा, दुभाजकावर ओळीने बसलेली दिसतील. साधा बैल तिथेही कसेबसे दिवस काढतो. आमच्या बैलाची खिडकी रोज धुवावी लागे, कडं तपासावं लागे. चार दिवस कुणी पाहिलं नाही, झाकण ढिलं झालं, माशा बसल्या, की आत किडे पडायला वेळ लागत नाही. ते भोक त्याने मागितलं नव्हतं. ते आमच्या कामासाठी होतं आणि त्यातून आम्ही सगळी माहिती बाहेर काढून घेतली होती. आता गोठा मोकळा करा! मला त्या दिवसांत अन्न गोड लागत नव्हतं. मी निघून गेल्यावर एखाद्या सकाळी फाटक उघडून त्याला बाहेर काढतील, एवढंच डोळ्यांसमोर येई.

यजमान म्हणाले, ‘घरी आणू या का?’ आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर. पण त्यांनी विचारलं, ते बरं वाटलं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही गोशाळा पालथ्या घातल्या. कुठे जागा नव्हती, कुठे भोक म्हटल्यावर फाटकच लागे. मलिहाबादच्या पलीकडे, दसहरी आंब्याच्या बागांमध्ये एक छोटी गोशाळा होती. तिथल्या व्यवस्थापकांनी आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग फार अदबीने म्हणाले, ‘देखिए मॅडम, यहाँ लोग सेवा करने आते हैं. ये छेद देखेंगे तो पूछेंगे, किस ज़ालिम ने किया.’

‘कहिएगा मैंने किया,’ मी म्हटलं.

 त्यांनी चहा सांगितला. चहा पिऊन होईपर्यंत त्यांच्या अटी ठरल्या होत्या. छेद बंद करून आणायचा, आणि काही महिने पुरेल इतका भूसा सोबत द्यायचा. ‘चारे की बड़ी दिक़्क़त है, आप तो जानती ही हैं.’ होय, तेवढंच तर मी जाणत होते.

ज्यांनी छेद पाडला होता ते पशुवैद्य कधीच बदलून गेले होते. नवे होते ते म्हणाले, शिवून बंद करता येईल, पण वय झालंय, टाके धरतील याची खात्री नाही. मी म्हटलं, करा. कडं काढलं, कडा खरवडून शिवल्या. मग गोठ्यात बसून नुसती वाट बघायची. कूस सुजली, पाणी सुटलं, मग सूज उतरली. भैया त्याला ओलं गवत हाताने भरवत आणि दूरच्या गावातल्या आपल्या धाकट्या भावाची भांडणं त्याला सांगत. मी दाराशी खुर्ची टाकून बसे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिथे काही न करता बसले होते. माझ्या चपला वाजल्या की तो आपला डावी कूस माझ्याकडे करायचा आणि भैयांना त्याला परत फिरवावं लागायचं, टाक्यांना धक्का नको म्हणून. टाके धरले.

भुशाचा प्रश्न गोदामाने सोडवला. प्रयोगातून उरलेला सगळा भूसा आम्ही पुन्हा तपासायची वेळ आली तर असावा म्हणून पोत्यांत भरून ठेवला होता. वाफ्यागणिक वेगळा, प्रत्येक पोत्याला चिठ्ठी. गोदाम रिकामं करताना तो जाळणार होते. मी साहेबांना विचारून ती सगळी पोती ट्रकवर चढवली. मागे बैल, भैया आणि भूसा, पुढे ड्रायव्हरशेजारी मी.

गोशाळेत पोती उतरवताना व्यवस्थापक चिठ्ठ्या बघून थबकले. ‘इसे अलग-अलग रखवाएँ?’

फवारलेला, न फवारलेला, खुंटवलेला, युरियावाला. ज्यांच्यात फारसा फरक नाही हे सांगायला माझे केस पांढरे झाले ती पोती. मी म्हटलं, ‘मिला दीजिए. भूसा ही तो है.’

त्यांच्या माणसांनी पोती उसवून सगळं एकाच ढिगात ओतलं. मी चिठ्ठ्या तेवढ्या गोळा करून पर्समध्ये टाकल्या, का ते ठाऊक नाही. बैलाने नव्या गव्हाणीत तोंड घातलं, पानं पानं वेचून खाल्ली आणि जाडी काडं चघळ म्हणून बाजूला सारली, जसं तो कायम करायचा. भैया त्याच्या गळ्याशी बराच वेळ काही बोलत होते. परतताना ते ट्रकमध्ये मागेच बसले, पुढे जागा होती तरी. महिन्याभरात त्यांनीही काम सोडलं आणि गावी गेले.

निवृत्तीनंतर मला झोपच झोप येत होती. इतक्या वर्षांची साठलेली असावी. जाऊ, जाऊ म्हणता आंब्याचा मोसम सरला, गुडघ्याने उचल खाल्ली, पावसात तो रस्ता नको झाला. हवा निवळल्यावर एका सकाळी यजमान म्हणाले, ‘चल, तुझ्या बैलाला भेटून येऊ.’ आम्ही गव्हाचा कोंडा आणि गूळ घेतला.

व्यवस्थापकांनी ओळखलं, अदबीने पुढे आले. आमचा भूसा कधीच संपला होता. आता गव्हाणीत भाताचा पेंढा होता. भाताचा पेंढा किती पचतो ते मला कुणी सांगायला नको, गव्हाच्या भुशाहूनही ते गरीब काम. बैल वाळला होता. पाठीचा कणा वर आला होता, पण डोळे स्वच्छ होते आणि अंगावर गोचीड नव्हती. त्या लोकांनी जे होतं त्यात त्याला बरं ठेवलं होतं, माझी तक्रार नाही.

त्याचं तोंड पलीकडे होतं. माझ्या चपला फरशीवर वाजल्या. त्याचे कान हलले. त्याने पेंढा सोडला, जड जड पावलांनी फिरला आणि डावी कूस माझ्याकडे करून उभा राहिला.

तिथे आता नुसता वण होता, केस न आलेला. मी काय करावं? हातातली पिशवी खाली ठेवली. नंतर यजमानांनी सांगितलं, की मी तेव्हा बाही खांद्यापर्यंत वर चढवली होती. मला ते आठवत नाही. मी हात त्या वणावर ठेवला. बाहेरूनही ती जागा उबदार लागली आणि आत ते सावकाश ढवळणं चालू होतं, भाताच्या पेंढ्यावर का होईना. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

पुष्कळ वेळाने हात काढून घेतला. तो तसाच उभा. मी गूळ पुढे केला, त्याने मान वळवली नाही. यजमान म्हणाले, ‘अगं, हा खात का नाही?’ तो ज्याची वाट बघत होता ते सांगणारं माणूस तिथे नव्हतं. मी त्याच्या तोंडाशी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बाजूला गेले. मानेवर थाप मारली, जरा जास्तच हलकी पडली म्हणून दुसरी मारली आणि म्हटलं, ‘हो गया, बेटा. हो गया.’

तेव्हा कुठे तो वळला आणि गव्हाणीत तोंड घातलं.